सामूहिक ग्राहक तक्रारीतील रकमेचा हिशोब आणि वसुली : आदेशापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत

बिल्डरविरुद्ध पन्नास-साठ सदनिकाधारकांनी मिळून केलेल्या तक्रारीत ग्राहक आयोगाने ‘भरलेली रक्कम व्याजासह परत करावी’ असा आदेश दिला, की बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या एका ओळीतून प्रत्येक सभासदाची नेमकी रक्कम काढणे आणि ती वसूल करणे हे स्वतंत्र प्रकरण असते, आणि सामूहिक तक्रारी अडतात त्या बहुधा इथेच. अडण्याचे कारण दर वेळी विरुद्ध पक्षाची चलाखी नसते. सर्वांचा मिळून एकच ठोक आकडा दरखास्तीत (आदेशाच्या अंमलबजावणीच्या अर्जात) घालणे, ही तक्रारदारांची स्वतःची चूक अधिक वेळा नडते.

पुढील टप्पे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील आदेशांसाठी लिहिले आहेत. दिवाणी न्यायालयातील प्रातिनिधिक दाव्याच्या हुकूमनाम्यालाही (न्यायालयाच्या निकालावरील अंमलबजावणीयोग्य आदेशालाही) त्यातले बरेचसे लागू पडतात, कारण दोन्हीकडची वसुली दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ प्रमाणे चालते. महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) आदेशांची वसुली मात्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. तिचा उल्लेख ओघात येईल.

टप्पा १ : आदेशाचा लाभ नेमका कोणाला, ते ठरवणे

एकत्र केलेल्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि वसुलीच्या वेळी त्यांतला फरक फार महत्त्वाचा ठरतो. कलम ३५(१)(क) खालील तक्रार प्रातिनिधिक असते : समान हितसंबंध असलेल्या सर्व ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, त्याच संहितेच्या ऑर्डर १ नियम ८ प्रमाणे जाहीर नोटीस देऊन ती चालते, आणि तिचा निकाल त्या साऱ्या गटाला बांधतो. (मराठीतला ‘क’ म्हणजे इंग्रजी प्रतीतला ‘सी’, अर्जात कलम लिहिताना गल्लत होऊ देऊ नये.) दुसरी साधी संयुक्त तक्रार. तिच्यात ज्यांची नावे आहेत तेवढेच तक्रारदार, आणि आदेशाचा लाभही तेवढ्यांनाच.

ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हा फरक स्पष्ट केला. १,१३४ सदनिकांच्या प्रकल्पातील ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी तक्रार केली होती. सर्वांचा हितसंबंध समान असल्याचे दाखवणारा पुरेसा मजकूर तक्रारीत नसल्यामुळे न्यायालयाने ती प्रातिनिधिक मानली नाही, मात्र संयुक्त तक्रार म्हणून चालू दिली. उरलेल्या खरेदीदारांनी त्या निकालावर विसंबून दरखास्त दाखल केली असती तर ती टिकली नसती.

म्हणून आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन सर्वांत आधी नावांची यादी तपासावी. पती-पत्नीच्या नावे करारनामा असताना तक्रारीत एकाचेच नाव असणे, आधारवरील नाव आणि करारनाम्यावरील नाव वेगळे असणे, तक्रार चालू असताना सभासदाचे निधन झालेले असणे किंवा त्याने सदनिका विकलेली असणे, या चार गोष्टी जवळपास प्रत्येक गटात सापडतात. वारसांची नोंद आणि हक्क हस्तांतरणाचे कागद दरखास्तीपूर्वी पूर्ण करावेत.

सावधान : तक्रारीनंतर स्थापन झालेली गृहनिर्माण संस्था आपोआप हुकूमनामाधारक (आदेश ज्याच्या बाजूने झाला तो) होत नाही. आदेशात संस्थेचे नाव नसेल तर दरखास्त मूळ तक्रारदारांनीच करावी. संस्थेच्या लेटरहेडवर केलेली दरखास्त वर्षभर चालून शेवटी याच मुद्द्यावर निकालात निघू शकते.

टप्पा २ : आदेशाचा शेवटचा परिच्छेद शब्दशः वाचणे

हिशोबाला हात लावण्यापूर्वी आदेशातून सहा गोष्टी वेगळ्या काढून लिहाव्यात : मुद्दल म्हणजे नेमके काय (फक्त सदनिकेची किंमत, की मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि करसुद्धा); व्याजाचा दर; व्याज कोणत्या तारखेपासून; कोणत्या तारखेपर्यंत; मुदतीत रक्कम न दिल्यास वाढीव दर आहे का आणि तो कधीपासून; नुकसानभरपाई व तक्रारखर्च प्रत्येकी की सर्वांना मिळून. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ‘तक्रारदारांना रुपये ५०,००० द्यावेत’ या वाक्याचा अर्थ साठ जणांच्या गटात पन्नास हजार होतो की तीस लाख, यावर सुनावण्यांमागून सुनावण्या जातात.

अशी संदिग्धता किंवा आकड्याची उघड चूक दिसली तर पुनर्विलोकनाचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो (जिल्हा आयोगासाठी कलम ४०). दरखास्त चालवणारा आयोग आदेशाच्या मागे जाऊन त्यात भर घालू शकत नाही. जे आदेशात नाही ते वसुलीत मिळत नाही. त्यामुळे निकालानंतरचे पहिले ३० दिवस पेढे वाटण्यापेक्षा आदेश वाचण्यात घालवलेले बरे.

तपासणी : अपील झाले असेल तर अंमलबजावणी अपिलातील अंतिम आदेशाची होते. राज्य आयोगाने व्याजाचा दर बारावरून नऊवर आणला असेल आणि दरखास्तीत जिल्हा आयोगाचा दर धरला असेल, तर सगळा तक्ता नव्याने करावा लागतो.

टप्पा ३ : सभासदनिहाय तक्ता तयार करणे

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. नियम सोपा आहे : प्रत्येक सभासदाची ओळ इतरांपासून तोडली तरी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. एका सभासदाच्या एका पावतीवर वाद निघाला म्हणून उरलेल्यांची वसुली थांबू नये, यासाठीच हा खटाटोप.

प्रत्येक हप्त्याची वेगळी नोंद करावी : तारीख, रक्कम, पावती क्रमांक, बँक खात्यातली नोंद, आणि तो कागद तक्रारीत कोणत्या पानावर दाखल आहे. बिल्डरचे खातेउतारे आणि बँकेचे उतारे यांत तारखांचा फरक असतो. धनादेश दिल्याची तारीख न धरता तो वटल्याची तारीख धरावी, म्हणजे आक्षेपाला जागा राहत नाही. रोखीने दिलेली आणि पावती नसलेली रक्कम तक्त्यात घुसवू नये, कारण तिच्यामुळे बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

आता एक नमुना ओळ. सभासदाने १ एप्रिल २०१६ रोजी १० लाख, १ ऑक्टोबर २०१७ रोजी १५ लाख आणि १ एप्रिल २०१९ रोजी ५ लाख रुपये भरले. आदेश प्रत्येक हप्ता भरल्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. ९ सरळव्याजाचा आहे. हिशोबाची तारीख १ एप्रिल २०२४.

पहिला हप्ता : १० लाखांवर ८ वर्षांचे व्याज ७,२०,००० रुपये.
दुसरा हप्ता : १५ लाखांवर साडेसहा वर्षांचे व्याज ८,७७,५०० रुपये.
तिसरा हप्ता : ५ लाखांवर ५ वर्षांचे व्याज २,२५,००० रुपये.
एकूण व्याज १८,२२,५०० रुपये; मुद्दल ३०,००,००० रुपये; तक्रारखर्च २५,००० रुपये; येणे ४८,४७,५०० रुपये.

हेच व्याज शेवटच्या हप्त्यापासून धरले तर ते १३,५०,००० रुपयेच भरते, म्हणजे एका सभासदामागे ४,७२,५०० रुपयांचा फरक. हा फरक कल्पनेतला नाही. एक्स्पिरियन डेव्हलपर्स प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने शेवटच्या हप्त्यापासून व्याज दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ते बदलून रकमा भरल्याच्या तारखांपासून ९ टक्के केले. ज्यांची तक्रार अजून चालू आहे त्यांनी मागणीतच ‘प्रत्येक हप्ता भरल्याच्या तारखेपासून’ हे शब्द घालावेत. दरखास्तीच्या वेळी ते घालता येत नाहीत.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात रोजचे व्याज लिहावे. वरील उदाहरणात ते ३० लाखांवर दिवसाला सुमारे ७४० रुपये येते. पुढची तारीख दोन महिन्यांनी पडली तर नवा हिशोब न मांडता दिवसांनी गुणून आकडा सांगता येतो, आणि आयोगासमोर तोच उपयोगी पडतो.

परताव्याऐवजी ताबा आणि विलंबाची भरपाई असा आदेश असेल तर हिशोबाची रीत बदलते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बंगळुरूच्या डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात करारातील दर चौरस फुटाला दरमहा ५ रुपयांच्या भरपाईव्यतिरिक्त आणखी द.सा.द.शे. ६ टक्के दिले. अशा आदेशात क्षेत्रफळ चटई की विक्रीयोग्य, विलंब सुरू झाल्याची तारीख करारातील सवलतीचा काळ धरून की वगळून, आणि विलंब संपल्याची तारीख कोणती, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. शेवटच्या प्रश्नावर बिल्डरचे उत्तर ठरलेले असते : आम्ही ताब्याचे पत्र पाठवले होते. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय दिलेले ताब्याचे पत्र तक्त्यात शेवटची तारीख म्हणून धरू नये.

भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे होणारे नुकसानही आकड्यात मांडता येते. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नुकसान सतत चालू राहणाऱ्या कसुरीतून उद्भवलेले मानले आणि मुदतबाह्य ठरलेली तक्रार पुन्हा सुनावणीस पाठवली. महापालिकेची बिले वर्षवार लावून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

तपासणी : तक्ता सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यावा आणि प्रत्येक सभासदाची त्याच्या ओळीवर सही घ्यावी. सहीच्या वेळी निघालेली चूक दुरुस्त होते; उलटतपासणीत निघालेली चूक सगळ्या गटाला भोवते.

टप्पा ४ : मिळालेल्या रकमा योग्य खात्यात वळत्या करणे

बिल्डर मध्येच काही रक्कम देतो आणि ती मुद्दलात दाखवतो. कायद्याची सर्वसाधारण रीत उलट आहे : आदेशात वेगळे काही नसेल तर आलेली रक्कम आधी व्याजात व खर्चात आणि उरली तर मुद्दलात जाते. मेघराज विरुद्ध बयाबाई (१९६९) आणि गुरप्रीत सिंग (२००६) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय यासाठी हाताशी ठेवावेत.

वरच्या सभासदाला १ एप्रिल २०२४ रोजी २० लाख मिळाले असे धरू. त्यातून व्याज आणि खर्चाचे १८,४७,५०० रुपये फिटले, १,५२,५०० रुपये मुद्दलात गेले आणि २८,४७,५०० रुपये मुद्दल शिल्लक राहिले. पुढचे व्याज वर्षाला २,५६,२७५ रुपये. बिल्डरच्या पद्धतीने सगळे २० लाख मुद्दलात टाकले तर मुद्दल १० लाख उरते आणि व्याज वर्षाला ९०,००० रुपयांवर येते. म्हणून रक्कम स्वीकारतानाच ‘व्याज व खर्चापोटी, हक्क राखून’ असे लेखी कळवावे. ‘पूर्ण व अंतिम’ असा शब्दप्रयोग असलेल्या पावतीवर सही करू नये.

अपिलासाठी विरुद्ध पक्षाने भरलेली ५० टक्के रक्कम हा वेगळा विषय आहे. ती अपील दाखल होण्याची अट असते आणि आयोगाकडे जमा राहते. ती तक्रारदारांच्या हाती पडलेली नसते. स्थगितीसाठी न्यायालयात जमा केलेली रक्कम म्हणजे हुकूमनाम्याची फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितले आहे. ती रक्कम मुदत ठेवीत गुंतवण्याचा आणि अपील निकाली निघताच व्याजासह काढून घेण्याचा अर्ज करावा. हा अर्ज करायचा राहून गेलेली प्रकरणे आश्चर्य वाटावे इतकी आढळतात.

व्याजावर करकपात झाली असेल तर कपातीनंतरची रक्कम तेवढी मिळाली म्हणून ‘कमी भरणा’ असा ओरडा करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पॅनवरील नोंद तपासावी. कपात दाखवली पण पॅनवर जमा झालेली नाही, तर ती रक्कम येणेच धरावी.

टप्पा ५ : मालमत्तेचा शोध

आयोग जप्तीचा हुकूम देतो. जप्त काय करायचे ते तक्रारदारांनी सांगायचे असते. तक्रार चालू असतानाच हा शोध सुरू करावा, आणि मालमत्ता विकली जाण्याची भीती असेल तर कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागावा.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पातील विकलेल्या आणि न विकलेल्या सदनिकांची माहिती, बोजांची माहिती आणि प्रवर्तकाचे इतर प्रकल्प मिळतात. कंपनी निबंधकांकडील नोंदीत तारण आणि ताळेबंद दिसतात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि दुय्यम निबंधकांकडील सूची दोन (नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा) यांवरून जमिनीची खरी स्थिती कळते. या चारही गोष्टी एकमेकांशी ताडून पाहाव्यात, कारण संकेतस्थळावर ‘न विकलेली’ दिसणारी सदनिका दुय्यम निबंधकांकडे सहा महिन्यांपूर्वीच नोंदलेली असू शकते. मग ती जप्त केल्यावर तिचा खरेदीदार ऑर्डर २१ नियम ५८ खाली आक्षेप घेतो आणि दोन सामान्य कुटुंबांमध्ये भांडण लागते.

बँकेकडे गहाण असलेल्या जमिनीवरची जप्ती त्या गहाणाच्या अधीन राहते. त्यामुळे मोठी पण गहाण जमीन सोडून लहान पण बोजामुक्त सदनिका, चालू बँक खाते, किंवा इतरांकडून बिल्डरला येणे असलेली रक्कम निवडणे शहाणपणाचे.

टप्पा ६ : दरखास्त दाखल करणे

दरखास्त कलम ७१ खाली करावी. जुन्या सवयीने अनेक जण अजूनही आयोगाकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली दाखला मागतात. तो १९८६ च्या कायद्यातील मार्ग होता. २०१९ च्या कायद्यात आयोग स्वतःच आदेशाची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी करतो. महारेराच्या बाबतीत मात्र वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दोन्ही मार्गांची सरमिसळ करू नये.

अनेक हुकूमनामाधारकांपैकी एकालाही सर्वांच्या लाभासाठी दरखास्त करता येते (ऑर्डर २१ नियम १५), पण तसे दरखास्तीत स्पष्ट लिहावे लागते. सोबत नियम ११ प्रमाणे तपशील, आदेशांच्या नकला, प्रमाणित तक्ता, मिळालेल्या रकमांचा गोषवारा आणि मालमत्तेची चतुःसीमेसह यादी जोडावी. आदेशाला दोन वर्षे उलटून गेली तर नियम २२ प्रमाणे कारणे दाखवा नोटीस काढावी लागते आणि त्यात वेळ जातो. म्हणून आदेशातील मुदत संपताच दाखल करणे उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले आहे. तारीख लांबवण्याच्या अर्जाला विरोध करताना त्याचा आधार घ्यावा.

२००३ ते २०२० या काळातील अंतिम आदेश ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. १९८६ च्या कायद्यातील कलम २५ मधील शब्दयोजनेमुळे त्यांच्या अंमलबजावणीवर आक्षेप घेतला जात असे. पुण्याच्या पाम ग्रोव्हज संस्थेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम ‘कोणताही आदेश’ असे वाचावे असे ठरवून हा प्रश्न मिटवला.

टप्पा ७ : दबाव आणि जप्ती यांचा क्रम

पहिल्या तारखेलाच ऑर्डर २१ नियम ४१ खाली विरुद्ध पक्षाकडून मालमत्तेचे शपथपत्र मागावे. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शपथपत्र आले की त्याची टप्पा ५ मधील यादीशी तुलना करावी. लपवलेली मालमत्ता सापडली तर पुढचे काम सोपे होते. त्यानंतर आधी बँक खाती, मग येणी, मग स्थावर, असा क्रम ठेवावा. स्थावराच्या लिलावात येणे भागेल तेवढाच भाग विकता येतो (नियम ६४), म्हणून अख्खा भूखंड लिलावात मागू नये. याच कारणाने लिलाव रद्द होतात.

कलम ७२ खालील अर्ज यासोबत स्वतंत्रपणे करता येतो. त्यात किमान एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परंतु दंड सरकारजमा होतो, तक्रारदारांना मिळत नाही. केवळ कलम ७२ वर भिस्त ठेवून वॉरंटची वाट पाहणारे गट वर्षानुवर्षे तिथेच राहतात.

सावधान : संचालक तक्रारीत पक्षकार असून आदेश त्यांच्याविरुद्धही झालेला असेल तरच त्यांच्या खाजगी मालमत्तेला हात लावता येतो. नुसते नाव शीर्षकात असणे पुरेसे नाही.

टप्पा ८ : कंपनी दिवाळखोरीत गेली तर

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धची वसुली दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ च्या स्थगनामुळे थांबते. मात्र त्याच आदेशाने बांधलेल्या इतर विरुद्ध पक्षांविरुद्ध ती चालू राहू शकते, असे अन्सल क्राउन प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये ठरले. मुंबईच्या एका प्रकल्पाच्या बाबतीत मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज केल्याने ग्राहक आयोगाने बसवलेल्या दंडाची कारवाई थांबत नाही.

याच काळात अंतरिम व्यावसायिकाच्या (न्यायाधिकरणाने कंपनीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) जाहीर नोटिशीतील मुदतीत प्रत्येक सभासदाने स्वतःचा दावा फॉर्म सीए या विहित नमुन्यात दाखल करावा. गटाच्या वतीने एकच पत्र देऊ नये. टप्पा ३ मधील ओळ इथे जशीच्या तशी वापरता येते.

टप्पा ९ : वाटप आणि पुरसीस

रक्कम एकत्रित आली तर ती येण्याच्या प्रमाणात वाटावी आणि ते प्रमाण दरखास्तीपूर्वीच सर्वांच्या सहीने ठरवून ठेवावे. पैसे आल्यावर ठरवायला बसले की ज्याचे येणे लहान तो समान वाटप मागतो. गृहकर्ज असलेल्यांच्या बाबतीत आदेशात रक्कम थेट बँकेला देण्यास सांगितले आहे का, ते पाहावे. शक्य तिथे आयोगाकडून प्रत्येकाच्या खात्यात परस्पर रक्कम वळती करून घ्यावी, म्हणजे गटप्रमुखावर संशय येत नाही.

एखाद्या सभासदाने बिल्डरशी वेगळी तडजोड केली तर ती आयोगासमोर नोंदवावी. आयोगाबाहेर झालेली आणि प्रमाणित न केलेली फेड दरखास्तीत विचारात घेतली जात नाही (ऑर्डर २१ नियम २). प्रातिनिधिक तक्रार प्रलंबित असताना मात्र सर्वांना नोटीस दिल्याशिवाय तडजोड नोंदवता येत नाही, त्यामुळे अशा वेळी मुख्य तक्रारदारांनी परस्पर सही करणे टाळावे.

शेवटी फेडीची पुरसीस (रक्कम मिळाल्याचे आयोगापुढील लेखी निवेदन) देताना ती फक्त ज्यांचे येणे पूर्ण फिटले त्यांच्या नावांपुरती द्यावी, नावे आणि रकमा पुरशीसमध्येच लिहाव्यात, आणि उरलेल्यांसाठी दरखास्त चालू राहील असे रोजनाम्यात (आयोगाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत) नमूद करून घ्यावे.